तपासणीतील निम्मे काम आपले

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका परिचारिका भगिनीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आपण आजवर प्राध्यापक, वकील, अधिकारी अशा मोठ्या मंडळींची भाषणे ऐकली आहेत. आज आपण एका नर्सला बोलावले, याबद्दल मी संस्थेची आभारी आहे. विषयही मी माझ्या रोजच्या कामातलाच घेतला आहे. नर्स एखाद्या माणसाची शारीरिक तपासणी करते, तेव्हा ती नेमके काय करते? आणि त्या वेळी समोर बसलेल्या माणसाने, त्याच्या आईवडिलांनी काय करावयास हवे?

आपण म्हणाल, यात सांगण्यासारखे काय आहे? दवाखान्यात गेलो की सिस्टर वजन घेते, ताप पाहते, बी.पी. मोजते, कागदावर काही लिहिते आणि पुढे डॉक्टरांकडे पाठवते. बहुतेकांना ही नुसती नोंदणी वाटते. खरी तपासणी आत डॉक्टरांच्या खोलीत होते असे वाटते. हा समज बदलावा, एवढ्यासाठीच मी उभी आहे. पुष्कळ आजारांचा पहिला सुगावा याच टेबलावर लागतो. तो लागतो की निसटतो, हे निम्मे नर्सच्या हातावर आणि निम्मे आपल्यावर अवलंबून असते.

डोळा, हात आणि कान

आपले हिमायतनगर म्हणजे पूर्वीचे वाढोणा. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्यात युनानी वैद्यकाला मोठा मान होता. हकीमसाहेब नब्ज पाहत, जीभ पाहत, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहत, झोप, भूक, शौच यांची चौकशी करीत. म्हणजे माणसाचे शरीर पाहून, स्पर्शून, विचारून आजाराचा माग काढण्याची पद्धत आपल्याला परकी नाही. आजच्या नर्सच्या शिक्षणात हीच गोष्ट ठरावीक क्रमाने, मोजमापाने आणि लेखी नोंदीने शिकवली जाते.

तपासणीच्या चार रीती आहेत. पाहणे, चाचपणे, बोटाने ठोकून पाहणे आणि ऐकणे.

पाहणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. माणूस दारातून चालत येतो तेव्हापासून ते सुरू होते. तो लंगडतो का, धापा टाकतो का, तोंडावर सूज आहे का, बोलताना एक बाजू वाकडी होते का? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये नर्सिंगवर जे छोटेसे पुस्तक लिहिले, त्यात रोग्याचे निरीक्षण या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. यंत्रे आली, पण त्या प्रकरणाची गरज संपलेली नाही.

चाचपणे म्हणजे हाताने तपासणे. कातडी गरम आहे की गार, मानेत गाठ आहे का, पायाच्या नडगीवर बोट दाबले तर खड्डा राहतो का, पोटात कोठे दुखते, हे हाताला कळते.

ठोकून पाहणे आपल्याला घरी ठाऊक आहे. पत्र्याच्या कोठीवर टिचकी मारली की धान्य कोठपर्यंत आहे ते आवाजावरून समजते. छाती आणि पोट यांचेही तसेच आहे. पोकळ जागेचा आवाज निराळा, भरलेल्या जागेचा निराळा.

ऐकणे हे स्टेथोस्कोपने. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. छाती तपासताना क्रम पाहणे, चाचपणे, ठोकणे, ऐकणे असा असतो. पण पोट तपासताना पाहून झाल्यावर आधी ऐकतात आणि मग हात लावतात. कारण दाबल्याने आतड्यांची हालचाल बदलते आणि मग ऐकू येणारा आवाज खरा राहत नाही. परीक्षेतही हा प्रश्न येतो आणि रोग्याच्या खाटेपाशीही.

आकडे काय सांगतात

यानंतर मोजमाप. प्रौढ माणूस शांत बसलेला असताना त्याची नाडी मिनिटाला ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असावा. बी.पी. १२० आणि ८० च्या खाली असणे उत्तम. निरनिराळ्या दिवशी मोजूनही ते १४० आणि ९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर उपचार हवेत, मग माणसाला काही त्रास होत असो वा नसो. बी.पी. हा दुखत नसलेला आजार आहे. दुखत नाही म्हणून कोणी मोजत नाही, आणि एके दिवशी अर्धे अंग लुळे पडते.

हे बी.पी. नीट मोजले जावे यासाठी आपला हातभार हवा. धावत येऊन लगेच हात पुढे करू नका. पाच मिनिटे स्वस्थ बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत असावा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, विडी घेतलेली नसावी. मोजताना बोलू नये. जाड बाहीवरून पट्टा बांधला तर आकडा चुकतो, म्हणून आमच्या भगिनींनी दवाखान्यात येताना सैल बाहीचे कपडे घालावेत. बाही कोपराच्या वर सहज सरकली की बुरखा काढण्याचा प्रश्नच येत नाही. पडद्याआड दोन मिनिटांत काम होते.

लहान मुलांच्या बाबतीत आया-आजींना मी एकच मोजमाप शिकवू इच्छिते. खोकला आणि ताप असलेले बाळ शांत किंवा झोपलेले असताना त्याच्या पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरला, तर तो वेग धोक्याचा आहे. बाळाचे पोट उडत असेल, बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका. हा निमोनिया असू शकतो. यासाठी यंत्र लागत नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला अंगणवाडीत एक रंगीत पट्टी लावतात. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टीचा लाल भाग येतो. म्हणजे मूल तीव्र कुपोषित आहे. “आमचा मुलगा जन्मतःच बारीक अंगाचा आहे” असे म्हणून ती पट्टी नाकारू नका.

विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. हात लावण्यापूर्वी नर्स प्रश्न विचारते. किती दिवसांपासून? आधी असे झाले होते का? घरात कोणाला? कोणती गोळी चालू आहे? हे प्रश्न पोलिसी चौकशीचे नाहीत. तपासणीचा निम्मा निकाल त्यांच्या उत्तरांतच असतो.

आपल्याकडे काय होते ते मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. सुनेला प्रश्न विचारला की उत्तर सासूबाई देतात. मुलीला विचारले की आई देते. नवऱ्यासमोर बायको पाळीबद्दल बोलत नाही, आणि मुलासमोर बाप विडी-तंबाखूबद्दल बोलत नाही. खोकला दोन महिन्यांचा असतो, पण टी.बी.चे नाव निघेल आणि मुलीचे लग्न अडेल, या भीतीने तो “चार दिवसांचा” सांगितला जातो. वास्तविक दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी व्हावयास हवी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते, औषधही फुकट मिळते, आणि वेळेवर व पूर्ण औषध घेतले तर आजार बरा होतो. नाव लपवल्याने जंतू लपत नाहीत. ते घरातल्या लेकरांकडे जातात.

तसेच बाळाच्या पोटावर बिब्ब्याचे डाग किंवा चटक्याच्या खुणा दिसल्या की घरची मंडळी गप्प होतात. कोणी दिले, का दिले, ते सांगून टाका. चटका दिला म्हणजे त्याआधी बाळाला काहीतरी मोठा त्रास झाला असला पाहिजे. आम्हाला तो त्रास समजून घ्यायचा असतो. आणि यापुढे चटके देऊ नका, हेही हात जोडून सांगते.

साखरेची तपासणी असेल तर सकाळपासून काय खाल्ले ते सांगा. रोजा असेल तर रोजा आहे म्हणून सांगा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेणाऱ्यांनी रमजान येण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून औषधाच्या वेळा ठरवून घ्याव्यात. गोळ्यांचे नाव आठवत नसेल तर रिकामे पाकीट पिशवीत टाकून आणा. “पांढरी छोटी गोळी” म्हटल्याने काही कळत नाही. दवाखान्यातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि छोट्याच असतात.

शाळेत येणारी तपासणी

आपल्या मुलांसाठी दवाखानाच शाळेत येतो, हे किती पालकांना ठाऊक आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही योजना फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघर येथून सुरू झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती आहे. एका पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, त्यांपैकी एक स्त्री आणि एक पुरुष, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असतो. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा यावे, अशी रचना आहे. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वे वा रक्ताची कमतरता, बालपणीचे आजार, आणि वाढीतील उशीर अथवा अपंगत्व, या चार गोष्टी त्यांनी शोधायच्या असतात. काही सापडले तर मुलाला ग्रामीण रुग्णालयात किंवा नांदेडला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात, आणि शस्त्रक्रियेपर्यंतचे उपचार विनामूल्य होतात. हृदयाला जन्मतः छिद्र असलेली, ओठ फाटलेली, पाऊल वाकडे असलेली मुले या वाटेने बरी होऊ शकतात.

विनाअनुदानित शाळेत किंवा केवळ मदरशात शिकणाऱ्या, अथवा शाळा सोडलेल्या मुलांकडे हे पथक पोहोचेलच असे नाही. त्यांच्या पालकांनी वर्षातून एकदा आपणहून मुलाला ग्रामीण रुग्णालयात न्यावे.

शाळेतल्या तपासणीत नर्स उंची आणि वजन घेते, तेव्हा वय विचारते. येथे एक अडचण येते. आपल्याकडे पुष्कळ मुलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून लागलेली असते. शाळाप्रवेशापुरते ते चालून गेले असेल. पण मूल वयाच्या मानाने खुजे आहे की ठीक, हे खऱ्या वयाशिवाय ठरत नाही. म्हणून घरात जो जन्माचा कागद असेल, तो शोधून ठेवा. आणि गेल्या वर्षीचे वजन लिहिलेला कागदही जपा. एका वेळच्या वजनावरून मूल आज कसे आहे एवढेच कळते. दोन वर्षांची वजने शेजारी ठेवली की ते कोणत्या दिशेने चालले आहे ते कळते.

डोळे तपासण्यासाठी सहा मीटरवरून तक्ता वाचायला लावतात. शिक्षक बंधूंना माझी विनंती आहे की, फळ्यावरचे उतरवताना चुकणाऱ्या, शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहिणाऱ्या मुलाला मठ्ठ म्हणण्यापूर्वी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. कान वाहत असेल तर मुलाला कमी ऐकू येते, आणि ऐकू न आलेले कळणार कसे? पालकांनीही वाहत्या कानात तेल घालू नये. लहान मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालण्याची चाल आहे. काही सुरम्यांत शिसे असते आणि ते मुलांच्या मेंदूला अपायकारक आहे, हेही येथे सांगून ठेवते.

मुलांना तोंड उघडायला सांगतो, तेव्हा काही मोठी मुले कचरतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो हे आपण सर्व जाणतो. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात सहज गेली पाहिजेत. जात नसतील, तिखट खाल्ल्यावर आग होत असेल, गालाच्या आत पांढरा चट्टा असेल, तर तो कर्करोगाच्या वाटेवरचा इशारा आहे. ज्या घरात आई किंवा दादी मिसरी लावते, त्यांनीही आपले तोंड एकदा दाखवावे.

त्वचेवर फिकट वा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. कापसाच्या बोळ्याने नर्स तो दोन मिनिटांत तपासते. लवकर सापडला तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, बोटे झडत नाहीत. न दुखणारा चट्टा हाच अधिक संशयाचा, हे लक्षात असू द्या.

त्या दिवशी घरी ठेवलेली मुलगी

पालकहो, आता मी जे बोलणार आहे, ते काहींना कदाचित रुचणार नाही. पण बोलले पाहिजे.

शाळेत तपासणी आहे असे समजले की काही घरांतून मुलीला त्या दिवशी शाळेत पाठवत नाहीत. कोणी परका माणूस तपासेल, कोणी काही विचारेल, काही दोष निघाला तर गावभर होईल, अशी भीती असते. ती भीती मी समजू शकते. मीही मुलींची आई आहे. पण हिशेब पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या फेरीत, देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१ टक्के होते. म्हणजे ज्या दिवशी मुलगा शाळेत जातो आणि मुलगी घरी राहते, त्या दिवशी जिला तपासणीची अधिक गरज तीच राहून जाते.

रक्त कमी असलेली मुलगी खाटेवर पडलेली नसते. ती पाणी भरते, भाकरी थापते, धाकट्यांना सांभाळते. फक्त जिना चढताना तिला धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही, पाय वळतात, केस गळतात, आणि घरचे म्हणतात, “आळशी झाली आहे.” नर्स तिच्या डोळ्याची खालची पापणी, जीभ, नखे आणि तळहात पाहते. ईदेनंतर किंवा लग्नसराईत हाताला मेंदी असते, तेव्हा नखे आणि तळवे काही सांगत नाहीत. म्हणून पापणी आणि जीभ नीट पाहावी लागते आणि बोटातून थेंबभर रक्त घ्यावे लागते. पंधरा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असले तर रक्त कमी समजतात. ८ च्या खाली गेले तर ते गंभीर असते.

उपाय महाग नाही. शाळांतून आठवड्याला एक लोहाची निळी गोळी देतात, ती उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यावी. जंताची गोळी वर्षातून दोनदा घ्यावी. गोळीने शौच काळे होते. त्यात घाबरण्याजोगे काही नाही. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. त्याऐवजी लिंबू, पेरू, आवळा असावा. आणि पाळी फार जात असेल तर ते दुखणे आहे, नशीब नव्हे. लग्न होऊन हीच मुलगी गर्भवती होते, तेव्हा आज वाचवलेल्या त्या एका दिवसाची किंमत बाळंतपणाच्या खाटेवर द्यावी लागते. बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी तिच्या अंगात तो सोसण्याइतके रक्त नसते.

स्त्रियांनी तपासणीच न केल्याने काय होते, हे आपल्याच राज्यात मोजले गेले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना गर्भाशय, योनीमार्ग अथवा तत्सम एखादा आजार होता, आणि त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. त्या निरनिराळ्या जातीजमातींच्या होत्या. लाज आणि गैरसोय ही एका समाजाची मक्तेदारी नाही. मात्र ती दूर करण्याची सुरुवात ज्याने त्याने आपल्या घरातून करावी लागते.

आणि हयेचा मान राखूनच तपासणी करता येते. वैद्यकाच्या इतिहासातला एक प्रसंग सांगते. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांसमोर हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. त्या काळी छातीला कान लावून ऐकत. ते त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले. आवाज अधिकच स्पष्ट आला! त्यातून स्टेथोस्कोप तयार झाला. एका स्त्रीचा संकोच राखण्यासाठी केलेली युक्ती आज साऱ्या जगातल्या डॉक्टर-नर्सच्या गळ्यात आहे.

म्हणून आपण हक्काने मागा. पडदा मागा. तपासणीच्या वेळी स्त्री कर्मचारी हजर असावी असे सांगा. आई किंवा खालाने सोबत थांबावे. जो भाग तपासायचा तेवढाच उघडा करावा, बाकी अंगावर चादर असावी. हे आम्हाला शिकवलेलेच असते. काय करणार हे आधी सांगून, विचारून, हात धुऊन आणि ऊब देऊन मगच नर्सने स्पर्श करावा. रोग्याची माहिती बाहेर न बोलणे हे तर आमचे कर्तव्यच. यांतले काही होत नसेल तर शांतपणे बोलून दाखवा. पण तपासणीच नाकारू नका.

पुढची सिस्टर कोण?

विद्यार्थिनींनो, स्त्री कर्मचारी हवी असे आपण म्हणतो, तेव्हा ती कोणाच्या तरी घरातून यावी लागते. आपली मुलगी नर्स नको आणि आपल्या मुलीला तपासायला मात्र बाईच हवी, हे जमायचे कसे? इस्लामच्या इतिहासात रुफैदा अल-अस्लमिया यांचे नाव आदराने घेतले जाते. मदिनेत मशिदीपाशी त्यांचा तंबू होता, तेथे त्या जखमींची शुश्रूषा करीत. खंदकच्या लढाईत घायाळ झालेल्या साद बिन मुआज यांना त्याच तंबूत ठेवले होते. ज्या समाजाला असा वारसा आहे, त्याने या पेशाला हलके समजू नये.

हे काम शिकता येते का, अशी शंका असेल तर जामखेडकडे पाहा. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या या गावी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. ज्या बाया शाळेत फारशा गेल्या नव्हत्या, त्या गर्भवती स्त्रीची तपासणी, बाळाचे वजन, धोक्याची लक्षणे शिकल्या आणि आपापल्या गावाचे आरोग्य सांभाळू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुमच्यापाशी तर शाळा आहे, पुस्तके आहेत.

बारावीनंतर ए.एन.एम.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम.चा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो. बी.एस्सी.साठी बारावी विज्ञान शाखेची, जीवशास्त्रासह, लागते आणि प्रवेशपरीक्षा असते; जी.एन.एम.ला इंग्रजी विषय घेऊन इतर शाखांतूनही जाता येते. म्हणून दहावीनंतर शाखा निवडतानाच हा विचार करावा. प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेला परिषदेची मान्यता आहे का ते पाहावे. शिक्षण संपल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. मुलांनाही जी.एन.एम. आणि बी.एस्सी.चे दार उघडे आहे.

आपल्या भागातील मुलींना आणखी एक सोय आहे, ती म्हणजे आपली भाषा. घरी दखनी, शाळेत उर्दू किंवा मराठी, बाजारात मराठी आणि थोडी तेलुगू, असे आपण सहज बोलतो. किनवट-माहूरकडची गोंडी किंवा बंजारा बोलणारी एखादी माउली दवाखान्यात येते, तेव्हा तिच्याशी चार शब्द तिच्या बोलीत बोलणारी सिस्टर भेटली, तर तिची निम्मी भीती तेथेच जाते, आणि ती खरे सांगू लागते. मी मघाशी म्हटले तसे, खरे उत्तर मिळाले की निम्मी तपासणी झाली.

एक मर्यादाही सांगते. नर्सचे काम शोधणे, नोंदणे आणि योग्य ठिकाणी पाठवणे. तपासणीत काही सापडले म्हणजे आजार पक्का झाला असे नव्हे. तो पक्का डॉक्टर करतात. म्हणून सिस्टरने चिठ्ठी दिली की घाबरूही नका आणि ती चिठ्ठी कपाटात टाकून विसरूही नका. सोयाबीन काढून झाल्यावर जाऊ, कापूस वेचून झाल्यावर जाऊ, असे म्हणता म्हणता हंगाम संपतो आणि आजार पुढे गेलेला असतो. मुदखेड-आदिलाबाद मार्गावरच्या गाडीने आपली माणसे बाजारहाटाला, लग्नाला नांदेडला जातातच. एक फेरी त्या चिठ्ठीसाठी करा.

शेवटी माझे मागणे थोडे आहे. तपासणीच्या दिवशी मुलगा आणि मुलगी दोघांनाही शाळेत पाठवा. विचारले ते खरे सांगा, आणि मुलीला तिचे उत्तर तिला देऊ द्या. घरातल्या प्रत्येकाच्या नावाची एक पिशवी करा; तिच्यात जन्माचा कागद, लसीकरणाचे कार्ड, केसपेपर आणि गोळ्यांचे पाकीट ठेवा. रेशनकार्ड जसे जपता तशी ती पिशवी जपा. तपासणीनंतर “काय निघाले?” असे सिस्टरला विचारल्याशिवाय उठू नका, ते विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.